महत्त्वाकांक्षा : शब्द आणि विचार

'महत्त्वाकांक्षा' हा शब्द आज सद्गुणवाचक झाला आहे. मुलाच्या अंगी ती दिसली नाही तर आईबापांस चिंता वाटते. व्याख्यानांतून तरुणांस ती बाळगण्याचा उपदेश होतो. उलटपक्षी एखाद्या भिक्षुकास कोणी महत्त्वाकांक्षी म्हटले तर तो दोषारोप ठरतो. एकच गुण वासनिकाच्या घरी भूषण आणि भिक्षुकाच्या ठायी दूषण कसा व्हावा? दोघांचे आचार भिन्न असले तरी दोघांस सांगितलेले ज्ञान एकच आहे. म्हणून या शब्दाचा धर्मदृष्टीने विचार करणे अवश्य आहे.

प्रथम आकांक्षा पाहू. शब्दाचे शास्त्र जाणणारे वाक्यार्थबोधाची तीन कारणे सांगतात : आकांक्षा, योग्यता आणि संनिधी. 'गाय' एवढेच म्हटले तर ऐकणाऱ्याचे मन पुढील पदाची वाट पाहते, ही आकांक्षा. 'विस्तवाने शिंपतो' असे म्हटल्यास पदे जुळतात, पण अर्थ जुळत नाही; तेथे योग्यता नाही. एक पद आज व दुसरे उद्या उच्चारले तर तेथे संनिधी नाही. तिन्ही असतील तरच वाक्य पुरे होते.

यावरून दिसते की आकांक्षा हा मुळात दोष नव्हे. जीव अनादि अविद्येने बद्ध आहे. त्याला उणीव भासणे स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच की ती कोणत्या पदाने पुरी व्हावयाची. 'महत्त्व' हे पद आपल्यापाशी नसतेच, ते इतरांच्या मनात असते. आणि इतरांचे मन हाही प्रपंचच. प्रपंच अनित्य आहे, देवतांची फळेही क्षय पावणारी आहेत. अनित्याने नित्याची उणीव भरू पाहणे म्हणजे विस्तवाने शिंपणेच होय. म्हणूनच मान मिळाला की मानाची तहान वाढते. जीवाची आकांक्षा ज्या पदाने शमते ते पद परमेश्वर हेच; त्यासाठी योग्यता साधावी लागते, आणि संनिधान लाभावे लागते.

इंग्रजीतील 'अँबिशन' या शब्दाचे मूळही बोधप्रद आहे. ते लॅटिन भाषेतील असून त्याचा मूळ अर्थ भोवती फिरणे असा आहे. प्राचीन रोममध्ये अधिकारपदाचे उमेदवार खडूने शुभ्र केलेले वस्त्र पांघरून लोकांत हिंडत आणि मते मागत. त्या हिंडण्यावरून हा शब्द आला. पुढे मतांसाठी लाचलुचपत इतकी माजली की तिच्याविरुद्ध वेळोवेळी कायदे करावे लागले, इ. स. पू. ६३ मध्ये सिसेरो कन्सल असताना त्यानेही असा एक कायदा केला. आपल्या भिक्षुकासही अटन सांगितले आहे. तोही दारोदार जातो, तोही मागतो. परंतु उमेदवार आपले नाव लोकांच्या मुखी बसावे म्हणून फिरतो. भिक्षुक स्थळाचा व परिचयाचा संबंध जडू नये म्हणून फिरतो. पाय दोघांचेही चालतात. हेतू मात्र परस्परविरुद्ध.

याचे उदाहरण आपल्या परंपरेतच आहे. सराळ्याचे म्हाइंभट विद्येच्या अभिमानाने वाद करण्यास सर्वज्ञांकडे आले आणि अनुसरले. पुढे स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर ज्यांनी लीळा पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे ते स्वतः गेले, विचारीत राहिले, आणि नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी लीळाचरित्र सिद्ध केले. विद्या तीच, श्रमही तसेच. मात्र आधी जिंकण्यासाठी जाणारा पुरुष आता विचारण्यासाठी जाऊ लागला.

केशिराजबासांची गोष्ट स्मृतिस्थळात आहे. ते संस्कृतचे पंडित. संस्कृतात ग्रंथ झाला असता तर पंडितसभेत मान होता. नागदेवाचार्यांनी निवारण केले. कारण मग मार्गातील साध्याभोळ्या वृद्धा ज्ञानाला मुकल्या असत्या. महत्त्व सोडले आणि कार्य धरले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचे ठरविले. त्या भाषेच्या प्राचीनत्वाची साक्ष देणाऱ्यांत हे ग्रंथही आहेत. महत्त्व न मागणाऱ्यांच्या हातून हे घडले, हे ध्यानात घ्यावे.

येथे कोणी शंका घेईल की मोक्षाची इच्छा हीदेखील महत्त्वाकांक्षाच नव्हे काय? नव्हे. महत्त्वाला कोणीतरी लहान असावा लागतो. सर्वच मोठे झाले तर मोठेपण उरत नाही. मोक्षाचे तसे नाही. दुसरा जीव उद्धरला म्हणून माझे काही उणे होत नाही.

यातूनच एक कसोटी हाती येते. वासनिकाच्या मुलाने वैद्य व्हावे, उत्तम शेती करावी, परीक्षेत यश मिळवावे. त्यात धर्माला बाध नाही. फक्त त्याने स्वतःस विचारावे : हेच काम माझ्याऐवजी दुसऱ्याच्या हातून अधिक चांगले झाले, तर मला संतोष होईल की दुःख? संतोष झाला तर ती कार्याची आकांक्षा. दुःख झाले तर ती महत्त्वाची. हीच कसोटी आम्हा सर्वांस, गादीवर बसलेल्यांसही लागू आहे. शेजारच्या आश्रमात उपदेशी वाढले, तेथील सभेस अधिक गर्दी झाली, हे ऐकून मन जळत असेल, तर वस्त्र बदलले पण आकांक्षेचे पद बदलले नाही, असे समजावे. वासनिकाची महत्त्वाकांक्षा निदान उघड असते; भिक्षुकाची धर्मकार्याच्या नावाखाली दडते, म्हणून ती अधिक घातक.

श्रीकृष्णचक्रवर्तींनी गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना अमानित्व सर्वांआधी ठेवले आहे. मानाची चाड सुटल्यावाचून पुढील लक्षणे अंगी टिकत नाहीत, असाच त्या क्रमाचा भाव आम्हांस दिसतो. आकांक्षा मारावयाची नाही. तिला तिचे खरे पद भेटवावयाचे आहे.