शिशाची पट्टी

हाताखाली लबाड माणूस असला तर साहेबाचं आयुष्य सोपं होतं, असं माझं अनुभवांती झालेलं मत आहे. लबाडासाठी सरकारनं सगळी सोय करून ठेवलेली असते. ताकीद आहे, कारणे दाखवा नोटीस आहे, विभागीय चौकशी आहे, निलंबन आहे आणि यातलं काहीच जमलं नाही तर बदली आहे. कौटिल्यानं तर सरकारी पैसा खाण्याच्या चाळीस तऱ्हा मोजून ठेवल्या आहेत. चाळीस! म्हणजे आमच्या पिढीला स्वतःचं असं शोधून काढायला त्या म्हाताऱ्यानं फारसं काही ठेवलंच नाही. खरी पंचाईत होते ती हाताखाली दोन प्रामाणिक माणसं असली म्हणजे.

माझ्या नशिबी ती होती.

माझी सगळी नोकरी नगररचना शाखेत झाली. आमच्या एका मेहुण्यांना कित्येक वर्षं वाटत होतं की मी नगर जिल्ह्याची काहीतरी रचना करतो. मग हा माणूस नांदेड-लातूरच्या एस.टी.त काय करतो, हे कोडं त्यांना शेवटपर्यंत सुटलं नाही. खरं तर आमचं काम लहान मुलांचं. नकाशात रंग भरायचे. पिवळा म्हणजे राहती घरं, निळा म्हणजे दुकानं, जांभळा म्हणजे कारखाने, हिरवा म्हणजे शेती नाहीतर बाग. रंग भरून झाले की नकाशा प्रसिद्ध करायचा आणि हरकती-सूचना मागवायच्या. मग गावाला कळतं की आपल्या वावरात शाळेचं मैदान आलंय आणि बैठकीच्या खोलीतून अठरा मीटरचा रस्ता निघालाय. चार हजारांस एक या प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर चार मीटर होतात. पेन्सिलीला नीट टोक काढलेलं नसलं तर कोणाचं तरी स्वयंपाकघर रस्त्यात जातं. म्हणून आमच्या शाखेत रोज सकाळी पहिला अर्धा तास सगळे गुमान पेन्सिली तासत बसायचे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटायचं, काम सुरू व्हायचं आहे.

नांदेड आणि लातूर या दोन गावांच्या दरम्यान एक नगरपालिका आहे. तिचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं वाचणारी आहेत. तिथं माझ्या हाताखाली एक कनिष्ठ अभियंता होते आणि एक म्हातारे सर्व्हेअर होते. अभियंत्यांना मी मनातल्या मनात ‘लोखंडी’ म्हणायचो. फीत लावली की तिच्यावर जो आकडा येईल तो त्यांना वेदवाक्य. सर्व्हेअरसाहेबांचे वडील निजामाच्या दफ्तरात होते. जुना उर्दूतला मुंतखब पुढ्यात टाकला तर हे गृहस्थ चहा पिता पिता तो मराठीत वाचून दाखवायचे. पण फीत लावण्याआधी ते भिंतीकडे न पाहता घरमालकाच्या तोंडाकडे पाहायचे. दोघांनीही जन्मात कोणाचा पैसा घेतला नाही. सर्व्हेअरसाहेब तर चहाही घ्यायचे नाहीत, अर्थात त्याला मधुमेह हेही एक कारण होतं.

तर झालं असं की गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी आयुष्याची पुंजी घालून घर बांधायला काढलं. पाया भरला, भिंती छातीएवढ्या झाल्या आणि लोखंडी साहेब तपासणीला गेले. बाजूला जेवढी मोकळी जागा सोडायला हवी तिच्यात एक वीत कमी भरली. योगायोग असा की लोखंडी साहेब याच गुरुजींच्या हाताखाली शिकलेले.

‘‘गुरुजी, भिंत मागं घ्यावी लागेल.’’

‘‘अरे, पट्टी धरायला तुला मी शिकवलं.’’

‘‘म्हणूनच तर सरळ धरलीय.’’

गुरुजी गप्प झाले. हातावरही पट्टी मारायला हवी होती, असं ते नंतर मला म्हणाले.

सर्व्हेअरसाहेबांना हे कळलं तेव्हा ते संध्याकाळी शाळा सुटल्यावर जावं तसे निवांत तिकडं गेले, पुन्हा मोजलं आणि जागा बरोबर भरल्याचा शेरा मारून आले. मी विचारलं, ‘‘सकाळी एक वीत कमी होती, ती संध्याकाळपर्यंत कुठून आली?’’ तर म्हणाले, ‘‘साहेब, उन्हात फीत ताणली असंल. मराठवाड्याचं ऊन.’’ त्याआधी त्यांनी आणखी एक तोडगा सुचवला होता. नगररचना कायद्यात, म्हणजे १९६६ च्या अधिनियमात, साठ दिवसांत अर्जाला उत्तर दिलं नाही तर परवानगी मिळाली असं धरतात. ‘‘फाईल साठ दिवस कपाटात राहू द्या. आपोआप होतंय. लग्नात नाही का, मुलगी गप्प बसली की तिचा होकार.’’ यावर कोपऱ्यातून लोखंडी आवाज आला, ‘‘बांधकाम नियमात बसत असेल तरच!’’ कायद्यात तेही आहे.

इथवर ही गोष्ट एका भल्या माणसाची आणि एका कडक माणसाची झाली. कोणाच्या बाजूनं उभं राहायचं ते कोणीही सांगेल. पण महिनाभरात बाजारपेठेतले एक शेठ आले. त्यांची तीन मजली इमारत आणि तिथंही बाजूला बरोबर एक वीत कमी. शेठ अतिशय नम्रपणे म्हणाले, ‘‘साहेब, मी जास्त काही मागंना. गुरुजींच्या भिंतीला जी फीत लावली, तीच आमच्याही भिंतीला लावा. कायद्यापुढं सगळे सारखे, असं तुम्हीच लोक म्हणता.’’

मला आयुष्यात इतकं निरुत्तर क्वचितच कोणी केलं असेल. एखाद्या माणसाचा हेतू आपल्याला पुरता ठाऊक असावा आणि त्याच्या तोंडून निघालेलं वाक्य मात्र शंभर टक्के न्यायाचं असावं, यासारखी शिक्षा नाही. सर्व्हेअरसाहेबांची दया गुरुजींच्या घरात गेली ती मागच्या दारानं बाहेर पडून शेठजींच्या दुकानात येऊन बसली होती. आमच्याकडे कचेरीत अशा गोष्टीला नजीर म्हणतात. एकदा पडली की ती कोणाच्याही घरी जाते. तिला गरीब-श्रीमंत कळत नाही.

त्या सुमारास वाचनालयात मला ॲरिस्टॉटल भेटला. (भाषांतरातून. माझं ग्रीक कच्चं आहे.) नियम सगळ्यांसाठी एकदम करावा लागतो आणि माणसं मात्र एकेक करून येतात, ही अडचण त्या गृहस्थाला चोवीसशे वर्षांपूर्वी पडली होती. त्यावर तो गवंड्यांचा दाखला देतो. लेस्बॉस नावाच्या बेटावर म्हणे गवंडी शिशाची पट्टी वापरायचे. ती ताठ राहत नाही, दगडाचा जसा आकार असेल तशी त्यावर बसते. न्यायही काही वेळा तसा हवा, असं त्याचं म्हणणं. मला भयंकर आनंद झाला. मी दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ही गोष्ट शाखेत सांगितली. सर्व्हेअरसाहेबांची कळी खुलली. आपला असा एक पूर्वज ग्रीस देशात होऊन गेला याची त्यांना कल्पनाच नव्हती.

लोखंडी साहेबांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, ‘‘ती पट्टी दगडाप्रमाणं वाकते ना? का दगडाच्या मालकाप्रमाणं?’’

चहा तिथंच संपला.

हा प्रश्न मी बरेच दिवस घोळवला. आमच्या बांधकाम नियमावलीतही एक बारीक कलम असतं. नियम तंतोतंत लावल्यानं एखाद्याला उघडपणे दाखवता येईल अशी अडचण होत असेल, तर सक्षम अधिकारी सवलत देऊ शकतो. मात्र लेखी. म्हणजे शिशाची पट्टी सरकारदरबारी आहेच, फक्त तिची जमाखर्चात नोंद करावी लागते. मी सर्व्हेअरसाहेबांना म्हटलं, ‘‘तो उन्हाचा शेरा काढा. एक वीत कमी आहे असंच लिहा, आणि तरी का चालेल ते लिहा.’’

‘‘काय लिहू? गुरुजी भले मानूस आहेत असं लिहू?’’

‘‘भलेपणाचा रकाना नाही.’’

ती फाईल मी तीनदा परत केली. पहिल्यांदा त्यांनी गुरुजींची गरिबी लिहून आणली, दुसऱ्यांदा गुरुजींच्या पत्नीचं आजारपण. तिसऱ्या वेळी ते रागानं माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. मग एका सकाळी पुन्हा जागेवर गेले आणि बहुधा नोकरीत पहिल्यांदाच त्यांनी मालकाऐवजी भिंतीकडे पाहिलं. ज्या बाजूला वीत कमी होती त्या बाजूला गावाचा आड होता. आडाभोवती सार्वजनिक जागा मोकळी सोडलेली, तिथं कोणी कधी भिंत घालणार नव्हतं. बाजूला जागा सोडायची ती कशासाठी? उजेड यावा, वारा यावा, आग लागली तर माणूस शिरावा. ते सगळं तिथं होतंच. त्यांनी सहा ओळी लिहिल्या. लोखंडी साहेबांनी त्या वाचल्या, जागेवर जाऊन आडापर्यंतचं अंतर मोजलं आणि खाली सही केली. फाईल वर गेली, मंजूर होऊन आली.

शेठजींनी चार पानं टंकलिखित कारणं आणली. पण त्यांच्या बाजूच्या बोळातून वळकटी घेतलेला माणूस आडवाही जाऊ शकत नव्हता, आणि हे चार पानांत कुठंच आलं नव्हतं. त्यांना भिंत मागं घ्यावी लागली. तेव्हापासून ते मला रस्त्यात नमस्कार करत नाहीत, मी करतो.

आता लोखंडी साहेबांविषयी दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर तुम्ही त्यांना खलनायक समजाल. त्यांचं आजोळ किल्लारीच्या बाजूचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथं काय झालं ते मराठवाड्यात कोणाला सांगावं लागत नाही. जवळपास आठ हजार माणसं गेली. बहुतेक आपल्याच घराखाली, दगड-मातीच्या रुंद भिंतींखाली आणि डोक्यावरच्या मातीच्या धाब्याखाली. ‘‘त्या भिंतींना कोणी फीत लावली नव्हती,’’ एवढंच ते एकदा बोलले. नांदेडला गोदावरीकाठी पूररेषा असतात: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत घर मागायला जो येतो त्याची अडचण खरी असते, हे मीही पाहिलंय. पण गोदामाय घरात शिरताना सवलतीचा कागद पाहत नाही. तिथं मी लोखंडी साहेबांनाच पुढं करायचो.

आणि तरीही किल्लारीनंतर वसवलेली नवी गावं पाहून आलो तेव्हा सर्व्हेअरसाहेब माझ्या शेजारी बसून सबंध रस्ता हळहळत होते. बावन्न गावं नव्या जागी उठवून नेली. जमीन ज्याची जेवढी, त्याप्रमाणं २५०, ४०० नाहीतर ७५० चौरस फुटांचं घर. हिशेबात खोट काढायला जागा नाही. रस्ते असे सरळ की या टोकाचा माणूस त्या टोकाला शिंकलेला दिसावा. एक आजोबा म्हणाले, ‘‘गाव झ्याक हाय. पण रातच्याला दारं मोजत जावं लागतंय.’’ परतताना आम्ही लातूरला गंज गोलाईवर उतरलो. मधोमध अंबाबाई, भोवती सोळा रस्ते, एकावर सोनं, दुसऱ्यावर मिरच्या, तिसऱ्यावर गूळ, चौथ्यावर चपला. फय्याजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं ती आखली; मधली इमारत १९१७ ची. ‘‘यानं कंपास लावला असंल, पण आधी बाजार फिरून आला असंल,’’ सर्व्हेअरसाहेब म्हणाले. लोखंडी साहेबांनी गोल चक्कर मारली आणि म्हणाले, ‘‘वर्तुळ आहे. त्यालाही नियमच लागतो.’’

आता दोघंही निवृत्त झाले. डिसेंबर २०२० पासून जवळजवळ सगळ्या राज्याला एकच नियमावली आहे आणि नकाशे संगणक तपासतो. संगणकाला मधुमेह नाही, आजोळ नाही, आणि वीत कमी भरली तर तो लाल रंगात सांगून मोकळा होतो. त्याची तक्रार करावी असं काही नाही. फक्त आडाचा रकाना त्यात कुठं भरतात ते मला अजून सापडलेलं नाही.

मात्र एक प्रकरण आमच्या त्या सहा ओळींच्या युक्तीलाही बधलं नाही. रस्त्याच्या आखणीत एका म्हातारीची भाजीची टपरी येत होती. तिच्याकडे कागद नव्हता, प्लॉट नव्हता, आड नव्हता. पट्टी वाकवायची तर ती कशावर? तिच्या बाजूनं लिहिण्याजोगं कारण एकच होतं, ते म्हणजे ती स्वतः. गुंठेवारीवाल्यांसाठी सरकारनं २००१ साली कायदा केला, १ जानेवारी २००१ पर्यंतच्यांना पदरात घेतलं, पुढं २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० वर नेली. दयेला तारीख लागते आणि ती पुढंही सरकते. पण त्यांच्यापाशी निदान एखादा गुंठा असतो.

लोखंडी साहेब म्हणाले, ‘‘आज हिला सोडलं की उद्या तिथं दहा टपऱ्या. आणि त्या म्हाताऱ्यांच्या नसतात, भाड्यानं देणाऱ्याच्या असतात.’’

सर्व्हेअरसाहेब म्हणाले, ‘‘उद्याच्या दहा जणांची शिक्षा आज हिला कामून?’’

मी दोघांनाही बाहेर काढलं आणि नेहमीप्रमाणं एकाच लूनावर बसवून जागेवर पाठवलं. माझी व्यवस्थापनाची सगळी विद्या या लूनात होती: जाताना भांडायचं, येताना एकाच कागदावर दोन सह्या आणायच्या. त्या दिवशी कागद कोरा आला. दुसऱ्या दिवशीही. टपरी हलवण्याची मुदत चार दिवसांवर आली तेव्हा लोखंडी साहेबांनी भाजी मंडईच्या जुन्या नकाशावर बोट ठेवलं. एक ओटा नोंदीत रिकामा होता, सहा फूट बाय चार फूट, त्यांनी मोजून घेतला होता. त्यावर एका मेंबरच्या माणसाची रिकामी खोकी वर्षानुवर्षं पडून होती, आणि ती कोणाशी काय बोलून उचलायला लावायची हे सर्व्हेअरसाहेबांना ठाऊक होतं. पावती नियमाप्रमाणं म्हातारीच्या नावानं फाडली.

ती ओट्यावर बसली, पाटी लावली आणि पहिल्याच दिवशी दुपारी शाखेत येऊन उभी राहिली. ‘‘साहेब, बारानंतर समदं ऊन माज्या मेथीवर यायलंय.’’

नोंदीत ओटा सहा बाय चार होता, उन्हाबद्दल त्यात काहीच नव्हतं. सर्व्हेअरसाहेब माझ्याकडे पाहत होते. लोखंडी साहेब काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला ते जागेवर दिसेनात म्हणून विचारलं, तेव्हा शिपाईमामा म्हणाले, ‘‘फीत घेऊन मंडईत गेलेत. सावली मोजायलेत.’’