बघून सांगा

माणसाने खोटं बोलू नये, हे मला कोणी शिकवायला नको. मी खोटं बोलतच नाही. मी फक्त न बघता सांगतो. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, असं मी अगदी २०२० च्या पावसाळ्यापर्यंत मानत आलो होतो.

त्या वर्षी ऑफिस घरात आलं होतं. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला मी संगणक मांडून बसे, दुसऱ्या टोकाला सौ. गवार मोडीत बसे. त्यामुळे माझे सगळे कार्यालयीन पराक्रम साक्षीदारासमोर घडत.

आमच्या धंद्यात 'गल्प' नावाचं एक अवजार आहे. गल्प म्हणजे घोट. वेबसाइटसाठी लिहिलेल्या जावास्क्रिप्टच्या फायली एकत्र करा, त्यांतल्या मोकळ्या जागा पिळून काढा, असली हमाली ते बिनतक्रार करतं. त्याची चौथी आवृत्ती आली आणि कामांची यादी लिहायची रीतच बदलली. तिसरीत अमुक कामाआधी तमुक उरका, एवढं सांगून भागे. चौथीत 'सीरीज', म्हणजे एकामागून एक, की 'पॅरलल', म्हणजे सगळी एकदम, हे आधी ठरवावं लागतं. तिसरीला हे शब्दच कळत नाहीत.

आमच्याकडे नुकत्याच लागलेल्या एका मुलीने सगळी यादी चौथीच्या रीतीने लिहून पाठवली. माझ्याकडे ती चालेना. 'सीरीज' हे फंक्शनच नव्हे, असं संगणकाचं म्हणणं पडलं. मी फोन केला. तिने विचारलं, "सर, तुमच्याकडे चारच आहे ना?"

"चारच. मी स्वतः टाकलंय."

ज्या आवाजात मी हे म्हणालो, तो आमच्या घराण्यात वडिलोपार्जित आहे. त्यापुढे कोणी शंका काढत नाही. तिनेही काढली नाही. दोन रात्री ती स्वतःच्याच लिखाणात चूक शोधत बसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सर, राग मानू नका, पण एकदा आवृत्ती बघता का?"

मी राग मानला. सौ. शेंगेची शीर ओढत म्हणाली, "अहो, बघून सांगा की! परवा दूध आहे म्हणालात, तेव्हाही फ्रिज न उघडता नुसतं तोंड उघडलं होतंत."

बघायचं म्हणजे काय, तर 'गल्प' लिहून पुढे दोन आडव्या रेघा आणि 'व्हर्जन' हा शब्द. पाच सेकंदांचं काम. उत्तर दोन ओळींत आलं. सीएलआय : २.३.०. लोकल : ३.९.१. चार कुठेच नव्हता!

भानगड अशी, की अख्ख्या मशीनसाठी टाकलेलं गल्प हा नुसता दारावरचा शिपाई. त्याने हाक ऐकायची आणि आतल्याला उठवायचं. खरं काम करतं ते त्या त्या कामाच्या फोल्डरमधलं गल्प. मी चौथी आवृत्ती नेऊन बसवली होती दारात. आत तिसरीच नांदत होती. मुलीने यादीबरोबर चौथीची मागणीही लिहून धाडली होती, पण त्याप्रमाणे सामान भरायला 'एनपीएम इन्स्टॉल' म्हणावं लागतं. ते मी म्हटलं नव्हतं. आणि हे अवजार पाहा! विचारल्याबरोबर आतला आणि बाहेरचा, दोन्ही आकडे सांगून टाकतं. आत कोणी नसलंच, तर सरळ 'अननोन' लिहितं. 'मला माहीत नाही' हे वाक्य माझ्या तोंडून एवढ्या सहज कधी निघालं असेल तर शपथ.

मग मी खोटं बोललो का? धर्मराजाचं ते हत्तीचं प्रकरण घ्या. मेला तो हत्ती, हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तर रथ चार अंगुळं खाली आला. मला कुठे काय ठाऊक होतं? म्हणजे माझा रथ अजून वरच!

पण विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली ही पळवाट बुजवून ठेवली आहे. त्याचा एक जहाजमालक आहे. जहाज जुनं, मनात शंका. पण तपासणीचा खर्च नको म्हणून तो स्वतःची समजूत घालतो आणि माणसांनी भरलेलं जहाज हाकारतो. बुडालं तर तो दोषी, हे कोणीही सांगेल. क्लिफर्ड म्हणतो, सुखरूप पोचलं असतं तरी तेवढाच दोषी. तुमचं म्हणणं खरं निघालं की खोटं, हा प्रश्नच नाही. ते मानायचा तुम्हांला हक्क होता का, हा प्रश्न आहे.

आता, सगळंच तपासत बसलं तर माणूस जगायचा कसा? एसटीत चढताना ड्रायव्हरचं लायसन कोणी मागत नाही. कबूल. पण जिथे बघायला पाच सेकंद लागतात आणि न बघण्याची किंमत दुसऱ्याच्या दोन रात्री असते, तिथे 'मला वाटलं' ही सबब होत नाही.

तरी मोह झालाच. गुपचूप नवी आवृत्ती घालावी आणि फोनवर म्हणावं, "आता चाललं हं! काय झालं होतं कोण जाणे!" आमच्या धंद्यात हे वाक्य दिवसातून दहादा म्हटलं जातं. बोट कळीवर होतं. मी सौ.कडे पाहिलं. ती गवारीकडे पाहत होती, आणि ते जास्त भयंकर असतं.

मी फोन केला. "माझ्याकडे तीन होतं. तुझं बरोबर होतं. मी न बघता सांगितलं."

"चालेल सर," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "मला वाटायला लागलं होतं, मला काही येतच नाही."

यावर घराण्याचा आवाज कामाला आला नाही.

रात्री सौ.ने विचारलं, "अहो, गॅस बंद केलात का?" "हो," म्हणालो आणि उठून बघून आलो. बंदच होता. परत येऊन पुन्हा म्हणालो, "हो."

"मघाशी तेच म्हणालात की!"

"नाही," मी म्हटलं, "ती जुनी आवृत्ती."