कळव्याची खाट कोणत्या खात्याची?

ऑगस्ट २०२३ मध्ये ठाणे महापालिकेच्या कळव्यातील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. रुग्णालय ५०० खाटांचे. ठाण्याचे सिव्हिल रुग्णालय नव्या इमारतीसाठी हलवलेले, त्यामुळे तिकडचा भारही इथेच. शहापूर-मुरबाडकडचे अत्यवस्थ रुग्ण कळव्यालाच येतात. दीड महिन्याने नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले.

अशा वेळी बोट आरोग्यमंत्र्यांकडे वळते. पण कळव्याचे रुग्णालय महापालिकेचे, म्हणजे नगरविकास खात्याच्या कक्षेतले. नांदेडचे वैद्यकीय शिक्षण खात्याचे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचा थेट ताबा यांपैकी एकावरही नव्हता.

कल्याण-डोंबिवलीत ही विभागणी आणखी ठळक दिसते. रुक्मिणीबाई आणि शास्त्रीनगर ही रुग्णालये पालिकेची. शेजारी उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाचे. कल्याणचे रेल्वे रुग्णालय रेल्वे मंत्रालयाचे, कामगार विमा योजना केंद्रीय श्रम मंत्रालयाची. २०११ च्या जनगणनेत साडेबारा लाखांच्या घरात असलेल्या या शहरात रात्री दोन वाजता श्वास लागलेल्या माणसाला कुठे खाट रिकामी आहे, हे या सगळ्यांच्या वतीने सांगणारा अधिकारी कोण?

केंद्रीय आरोग्य मंत्रालय तो नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये राज्यसूचीत आहेत. दिल्लीकडे लसीकरण, क्षयरोग निर्मूलनासारखे राष्ट्रीय कार्यक्रम, एम्ससारख्या संस्था, संशोधन आणि मुख्य म्हणजे पैसा आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या खर्चात महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. हे काम मोलाचे आहे. घरोघरी जाणाऱ्या आशा सेविका याच अभियानाने दिल्या.

मात्र हा पैसा कार्यक्रमाच्या नावाने येतो. पालिका रुग्णालयातल्या रात्रपाळीच्या भूलतज्ज्ञाचा पगार त्या नावांत सहसा बसत नाही. त्याचे पद पालिकेच्या आकृतिबंधात हवे, त्याला नगरविकास खात्याची मंजुरी हवी आणि पगारापुरते पालिकेचे उत्पन्न हवे. शहरांकडे दिल्लीचे लक्षही उशिराच गेले. ग्रामीण आरोग्य अभियान २००५ चे, नागरी अभियान २०१३ चे. त्यातून वस्त्यांत नागरी आरोग्य केंद्रे आली, ताप-खोकल्याची सोय झाली. त्यापुढची, अतिदक्षतेची पायरी अशक्तच राहिली आणि रुक्मिणीबाईच्या दारातून रुग्णवाहिका कळव्याकडे, नाहीतर थेट मुंबईकडे वळत राहिली.

पंधराव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष एन. के. सिंग यांनी आरोग्य हा विषय समवर्ती सूचीत आणावा, असे सुचवले होते. त्याने हा प्रश्न सुटणार नाही. कळव्यातली उणीव दिल्लीतून दिसायची नाही, आणि खाती तर आधीच पुरेशी आहेत. मंत्रालयाची खरी ताकद निधीच्या अटींत आहे. नागरी अभियानाचा पैसा देताना केंद्राने दोन अटी घालाव्यात: पालिका रुग्णालयांतली डॉक्टर-परिचारिकांची मंजूर पदे कायमस्वरूपी भरलेली असावीत, आणि जिल्ह्यातल्या पालिका, राज्य, रेल्वे, कामगार विमा अशा सर्व सरकारी खाटांची माहिती व रुग्ण पाठवण्याचा अधिकार एका जिल्हा अधिकाऱ्याकडे असावा. ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका आहेत. सुरुवात इथूनच करावी, आणि ठाणे-कल्याणच्या खासदारांनी ही मागणी लोकसभेत लावून धरावी.