सोनंच नाण्याच्या मुळावर

फिलाडेल्फियाच्या टांकसाळीच्या हिशेबात १८२२ साली पाच डॉलरची १७,७९६ सोन्याची नाणी पाडल्याची नोंद आहे. त्यांतली आज फक्त तीन ठाऊक आहेत. दोन वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे आहेत, तिसरं २०२१च्या लिलावात ८४ लाख डॉलरला गेलं. बाकीची हरवली नाहीत, वितळवली गेली. अमेरिकी कायद्याने सोन्याचा भाव चांदीच्या पंधरापट धरला होता, युरोपात तो त्याहून चढा होता. मग पाच डॉलरचं नाणं पाच डॉलरला कोण खर्च करणार? व्यापाऱ्यांनी ती बोटींत भरून पाठवली आणि तिकडच्या भट्ट्यांनी गिळली. १८३४ साली सरकारने नाण्यातलं सोनं कमी केलं, तेव्हा कुठे नवी नाणी लोकांच्या हातात खेळू लागली.

सोनं असं नाण्याच्याच मुळावर येतं. तांब्याचा सेंट वितळवायची तसदी तेव्हा सहसा कोणी घेत नसे, म्हणून तो खिशात झिजत का होईना, उरायचा. सोन्याच्या नाण्याला प्रत्येक पिढीत नवा गिऱ्हाईक भेटतो आणि त्याला नाणं नको असतं, धातू हवा असतो. संग्राहक मोजतो ते या गिऱ्हाइकांच्या तावडीतून काय सुटलं, ते. किती पाडली, हा त्याच्या लेखी दुय्यम प्रश्न.

सुटकाही कधीकधी विचित्र असते. सॅन फ्रान्सिस्कोचं सोनं घेऊन निघालेली ‘सेंट्रल अमेरिका’ ही आगबोट सप्टेंबर १८५७मध्ये वादळात बुडाली, चारशेहून अधिक माणसं गेली. १९८८नंतर समुद्रतळातून सोनं वर आलं, त्यात त्याच साली पाडलेली वीस डॉलरची हजारो कोरी नाणी होती. एरवी ती चलनात झिजली असती किंवा भट्टीत गेली असती. त्या सालचं कोरं नाणं तोवर मोठं अप्रूप होतं. आता पैसे मोजले की मिळतं.

कधी निव्वळ दुर्लक्ष पुरतं. जॉर्जियातल्या डलॉनेगाच्या टांकसाळीने १८३८ ते १८६१ या काळात ‘डी’ अक्षराची नाणी पाडली, पण संग्राहक तेव्हा फक्त साल बघत. अक्षराशी त्यांना कर्तव्य नव्हतं. ऑगस्टस हीटन या चित्रकाराने १८९३ साली टांकसाळींच्या खुणांवर पुस्तिका काढली, तोवर चांगले नमुने झिजून किंवा वितळून गेले होते. आज त्याच ओबडधोबड ठशांवर लोक जीव टाकतात. मला हे वेड फिलाडेल्फियाच्या चकचकीत नमुन्यांमागे धावण्यापेक्षा जास्त पटतं.

१९३३ साली रूझवेल्ट यांनी जनतेकडचं सोनं जमा करायला लावलं, तेव्हा संग्राहकांच्या दुर्मिळ नाण्यांना सूट होती. जी नाणी घरोघरी होती, तीच भट्टीत गेली. वीस डॉलरची पुष्कळशी वाचली ती युरोपच्या बँकांत पडून होती म्हणून. त्याच्या शंभर वर्षं आधी त्याच युरोपला जाणं म्हणजे नाण्याचं मरण होतं.