मुखत्यारपत्र आणि किल्ली

सांताक्रूझचें नांव धारण करणारी, परंतु सांताक्रूझमध्यें नसलेली एक प्रसिद्ध वसाहत मुंबईच्या उपनगरांत आहे. ‘सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन’, म्हणजे लोकांच्या तोंडचें ‘सीप्झ’, १९७३ सालीं स्थापन झालें. देशांतील सॉफ्टवेअरच्या निर्यातीनें आरंभीं येथेंच बाळसें धरलें. तें वसलें आहे मात्र अंधेरी पूर्वेस. नांव वाचून सांताक्रूझ स्टेशनावर उतरलेला नवखा मनुष्य चार जणांस विचारतो, रिक्षावाला त्यास योग्य ठिकाणीं पोंचवितो, आणि नांवांतील उणें माणसांच्या समजुतीनें भरून निघतें. परंतु जो वाटेंत कोणास विचारीत नाहीं, कागदावर लिहिलें असेल तेंच जग समजतो, अशा वाचकासाठीं आपण लिहूं लागलों, तर लिहिणाराची जबाबदारी किती वाढते? हा प्रश्न आतां काल्पनिक राहिलेला नाहीं.

कृत्रिम बुद्धीचे ‘एजंट’ (आम्ही त्यांस मुखत्यार म्हणूं) आज केवळ प्रश्नांचीं उत्तरें देत नाहींत. ते मालकाच्या वतीनें कामें करतात. बँका, इस्पितळें, शाळा यांचीं दप्तरें ज्या डेटाबेसांत असतात, तेथवर मुखत्यारास नेण्यासाठीं एक जोडसाधन लागतें. नोव्हेंबर २०२४ मध्यें अँथ्रॉपिक या कंपनीनें ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ प्रसिद्ध केला, आणि अशा साधनांस एक सामाईक घडण मिळाली. तींत साधनाचें नांव, त्यास कोणती माहिती पुरवावी याचा तक्ता आणि त्याचें शब्दांत वर्णन हीं मुखत्यारापुढें ठेवतात. साधन केव्हां व कसें वापरावें हें तो मुख्यतः त्यांवरूनच ठरवितो. पूर्वीं यंत्राची माहितीपुस्तिका यंत्र बिघडल्यावर कपाटांतून निघे; येथें पुस्तिका हीच यंत्राची एक कळ झाली आहे. एखाद्या रकान्यास ‘रक्कम’ एवढेंच नांव दिलें आणि ती रुपयांत आहे कीं पैशांत, हें लिहावयाचें राहिलें, तर दुधाच्या बिलाचा फुगलेला आंकडा पाहून अनुभवी कारकून थबकेल. मुखत्यार थबकेलच असें नाहीं.

व्यवहारांत आपणांस मुखत्यारपत्र परिचित आहे. सुज्ञ मनुष्य त्यांत घराचें भाडें वसूल करण्याचा अधिकार देतो, घर विकण्याचा देत नाहीं. आणि हा भेद स्पष्ट शब्दांत लिहितो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानेंही मुखत्यारानें आपल्या अधिकारांत केलेलें कृत्य मालकावर बंधनकारक मानलें आहे. मग अधिकाराचा कागदच संदिग्ध असेल, तर दोष मुखत्याराचा मानावयाचा, कीं कागद लिहिणाराचा?

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. जुलै २०२५ मध्यें रेप्लिट या अमेरिकन कंपनीच्या मुखत्यारास एका उद्योजकानें कांहींएक बदल न करण्याविषयीं शब्दांत बजावलें होतें. तरीही त्यानें चालू डेटाबेस पुसून टाकला, आणि वर नोंदी परत आणणें अशक्य असल्याचें सांगितलें. प्रत्यक्षांत त्या परत आणतां आल्या. कंपनीच्या प्रमुखांनीं जाहीर माफी मागितली, आणि प्रयोगाचा व चालू कामाचा डेटाबेस आपोआप वेगळा राखण्याची व्यवस्था करण्याचें सांगितलें. शब्दांनीं जर हात आवरत नाहींत, तर शब्द नेटके लिहिण्याचा खटाटोप कशास?

आमचें मत असें कीं, कुलुपाचें काम शब्दांकडून करवून घेऊं नये. नोंदी बदलूं द्यावयाच्या नसतील, तर मुखत्याराच्या खात्यास केवळ वाचनाचाच अधिकार असावा. तेथें उपदेश पुरत नाहीं. शब्दांचें काम निराळें आहे. कुलूप कोठें आहे व कोठें नाहीं, हें त्यांनीं खरें सांगावें. वर्णनाचा दुसरा वाचक माणूस असतो, आणि त्या वर्णनावर विसंबूनच तो किल्ली सोंपवितो. म्हणून ‘फक्त वाचनासाठीं’ असें लिहून आंत लेखनाचा अधिकार मोकळा ठेवणें यास आम्ही विसराळूपण म्हणणार नाहीं. तें असत्य होय. साधन काय करतें, काय करूं शकतें पण करूं नये, चुकल्यास काय परत मिळतें आणि काय मिळत नाहीं, हें ज्यांत नाहीं तें वर्णन कितीही सुबक असलें तरी अपुरें आहे.

या दप्तरांतील प्रत्येक ओळीमागें एक माणूस आहे: कोणाचें निवृत्तिवेतन, कोणाच्या रक्ताची तपासणी, कोणा मुलीची गुणपत्रिका. आपल्या नोंदीपर्यंत कोणत्या मुखत्यारास कोणीं नेलें, हें त्यांस ठाऊक नसतें. तो कागद वाचण्याची संधीही त्यांस मिळत नाहीं. त्यांच्या वतीनें तो नीट लिहिणें हें लिहिणाराचें कर्तव्य आहे. सीप्झचें नांव आज पन्नासांहून अधिक वर्षें दुसऱ्याच स्टेशनाकडे बोट दाखवीत आहे, आणि त्यानें कोणाचें फारसें बिघडलें नाहीं. कारण वाटेंत विचारण्यासारखीं माणसें होतीं. या नव्या वाटेवर तीं असतीलच असें धरून कोणीं लेखणी उचलूं नये.