इजा कोणाची मोजायची?

1881 साली विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला सुरतेच्या न्यायालयाने फाशी सुनावली. लोकलज्जेच्या धाकाने तिने आपलं नवजात मूल मारलं होतं. अपिलात फाशीची जन्मठेप झाली. वर्तमानपत्रांत मात्र झोड उठली ती बायकांच्या चालचलणुकीवर. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून त्याला उत्तर दिलं. विधवेला कोंडून ठेवणारी रूढी कोणी घातली आणि तिला नादी लावणारा पुरुष कुठे गेला, हा त्यांचा रोकडा सवाल होता.

एखाद्या वागण्याची शिसारी आली की त्यात कोणाचं तरी नुकसान झालंच असणार, असं आपण धरून चालतो. मग धर्म बुडाला, कूळ बाटलं, असं न दिसणारं नुकसान मोजलं जातं आणि डोळ्यांसमोरचं सुटतं. पुनर्विवाहाला कायद्याने 1856 पासून मुभा होती. तरी वरच्या म्हणवणाऱ्या जातींत तो निंद्यच राहिला. विजयालक्ष्मीच्या मुलाच्या मृत्यूत या निंदेचा वाटा होता, पण निंदा करणाऱ्यांनी स्वतःला साक्षीदार मानलं, कारण मानलं नाही.

जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा प्रश्नच बदलला. पाप कोणाचं, हे न विचारता मूल वाचेल कसं, हे त्यांनी पाहिलं. तिथे जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला. बालहत्येवर संतापणारे पुष्कळ होते, पण बाळंतपणाला आसरा देणारं दार एखादंच.

घृणा नेहमीच खोटी नसते. क्रौर्य पाहून अंगावर काटा यायलाच हवा. पण तिथे जखमी माणूस दाखवता येतो. ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून विधवेला लग्नमांडवाबाहेर ठेवतात, तेव्हा जखमी झालेला कोण दाखवणार? एकच, ती स्वतः. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा तिची इजा अखेर गावाच्या दप्तरात आली.

म्हणून ज्याच्या नावाने आपण संतापतो, त्याच्या पदरात आपल्या संतापाने काय पडलं, हे आधी तपासावं. काहीच पडत नसेल, तर आपण कोणाला वाचवत नसून आपली किळस शमवत आहोत. तिची किंमत दुसऱ्याने आयुष्याने मोजावी, हा अन्याय आहे.