रविवारची वाचने आणि सोमवारचा तराजू

सामान्य काळातील पंचविसावा रविवार (वर्ष क)
आमोस ८:४-७, स्तोत्र ११३, १ तीमथ्य २:१-८, लूक १६:१-१३



आजचे पहिले वाचन ऐकताना कोणी बाकावर थोडे चुळबुळले असेल, तर त्यात नवल नाही. उपासनेला बसलेल्या माणसांच्या मनात काय चालले आहे, ते आमोस संदेष्टा सर्वांदेखत बोलून दाखवतो. दुकाने बंद आहेत, सण पाळला जात आहे, बाहेरून सगळे यथासांग आहे. आतून मात्र हिशेब चालू आहे. हा शब्बाथ एकदाचा कधी संपतो आणि धान्याची विक्री कधी सुरू करता येते!

आमोस काही धर्मपीठातून आलेला माणूस नव्हता. बेथलेहेमच्या दक्षिणेला असलेल्या तकोवा गावचा तो गुराखी. उंबराच्या जातीच्या झाडांची मशागत करणे हा त्याचा दुसरा उद्योग. म्हणजे आपल्या भाषेत वाडीवाला. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात, दुसरा यराबाम राजा असताना, तो उत्तरेकडील इस्राएलच्या राज्यात बोलायला गेला. ते सुबत्तेचे दिवस होते. श्रीमंतांकडे हस्तिदंताने मढवलेले पलंग होते, बेथेलच्या मंदिरात यज्ञांची रेलचेल होती आणि बाजारात गरीब नागवला जात होता. तिथला याजक अमस्या याने आमोसला, तू आपल्या गावी जा आणि तिकडेच भाकरी मिळव, असे सुनावले. धर्मगुरूंच्या वाट्यालाही या पुस्तकात फारसा मान येत नाही, हे जाता जाता नमूद करायला हरकत नाही.

त्या व्यापाऱ्यांची युक्ती नीट समजून घेण्यासारखी आहे. एफा हे धान्य मोजण्याचे माप, ते लहान करायचे. शेकेल हे चांदी तोलण्याचे वजन, ते जड करायचे. त्या काळी नाणी नव्हती. गिऱ्हाईक चांदी आणायचा आणि ती तोलून घेतली जायची. म्हणजे धान्य देताना कमी आणि चांदी घेताना जास्त, अशी एकाच व्यवहारात दोनदा फसवणूक. वर तराजूच खोटा. शेवटी गव्हात भूस मिसळून तेही खपवायचे. आणि कर्जात बुडालेला गरीब माणूस चपलांच्या जोडाइतक्या क्षुल्लक रकमेसाठी विकत घ्यायचा. हे आपण कधीच विसरणार नाही, अशी शपथ देव वाहतो. बायबलमध्ये देव क्षमेच्या गोष्टी वारंवार बोलतो. इथे मात्र तो न विसरण्याची शपथ वाहतो आहे, आणि कोणासाठी, तर माप मारलेल्या गरिबासाठी.

आता आपल्याकडे वळू. आपल्या घरांतल्या कितीतरी आया आणि आज्यांनी भाजीच्या, फुलांच्या पाट्या डोक्यावर घेऊन, पहाटेची गाडी पकडून मुंबईचे बाजार गाठले आणि मुलांना शिकवले. त्यांचा तराजू बहुधा गिऱ्हाइकाच्या बाजूला थोडा झुकायचा. वर मूठभर कोथिंबीर असायची ती वेगळीच. त्या माऊल्यांनी आमोसचे नाव ऐकले असेल-नसेल, पण त्याचा उपदेश त्यांच्या हातात होता. आज आपल्यापैकी पुष्कळ जण गिऱ्हाइकाच्या बाजूला आहेत. मॉलमध्ये छापील किंमत निमूटपणे मोजणारे आपण, रस्त्याच्या कडेला बसलेल्या म्हातारीशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालतो. वाडीत कामाला येणाऱ्या आदिवासी बाईला मजुरी देताना आपले माप कोणते असते? घरकाम करणारी मावशी आजारी पडून चार दिवस आली नाही, तर महिनाअखेरीस त्या चार दिवसांचे काय होते? ख्रिस्तसभेची धर्मशिकवण सातव्या आज्ञेखाली साधी चोरीच सांगून थांबत नाही. अन्यायाची मजुरी, दुसऱ्याच्या अडचणीचा किंवा अज्ञानाचा फायदा घेऊन वाढवलेला भाव, खोटी बिले, करचुकवेगिरी, मुद्दाम निकृष्ट केलेले काम, हे सगळे ती त्याच ओळीत बसवते. पापनिवेदनाला जाताना सातव्या आज्ञेवरून आपण भरकन पुढे जातो, ते या यादीमुळे जरा अवघड होते.

पण तो चपलांचा जोड आपल्याकडे खरा कुठे दिसतो, असे विचाराल तर आम्ही सांगू, जमिनीच्या कागदपत्रांत. वसईसारख्या भागात जमिनीला सोन्याचा भाव आला, तेव्हापासून हे प्रकरण घराघरांत शिरले आहे. वडील वारतात, मृत्युपत्र नसते. जमीन विकायची ठरते आणि मग बहिणींकडे हक्कसोड पत्र जाते. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. मृत्युपत्र नसेल तर विधवा आईचा वाटा एकतृतीयांश, आणि उरलेल्यात मुलगे व मुली सारख्याच वाट्याचे धनी. तरीही कितीतरी बहिणींनी एका साडीवर आणि जेवणावर सही केलेली आहे. कोणी बंदूक दाखवलेली नसते. सही दिली नाही तर माहेर तुटेल, लग्नकार्यात कोणी बोलावणार नाही, आईला भेटायला जाताना दारात कोण उभे असेल, एवढा विचार पुरेसा असतो. बहिणीने मनापासून, सगळे समजून हक्क सोडला असेल, तर कोणाची काहीच तक्रार नाही. आईवडिलांचे आजारपण ज्या भावाने आणि भावजयीने वर्षानुवर्षे निस्तरले, त्यांचे कष्टही हिशेबात धरायलाच हवेत. पण तो हिशेब बहिणीसमोर मांडून होतो का? की सही झाल्यावर तिला शेजाऱ्याकडून कळते की जमीन कितीला गेली?

अशी सही करून घेऊन दुसऱ्या दिवशी कम्युनियनला ओळीत उभे राहणाऱ्याला आमोस चांगला ओळखतो.

शुभवर्तमानातील दाखला ऐकून मात्र अनेकांचा गोंधळ होतो. धन्याची मालमत्ता उधळणारा कारभारी नोकरी जाणार म्हटल्यावर ऋणकोंना बोलावतो. तेलाच्या शंभराचे पन्नास करतो, गव्हाच्या शंभराचे ऐंशी. आणि धनी त्याचे कौतुक करतो! प्रभू येशूला लबाडी मान्य आहे की काय? तसे नाही. त्याला अन्यायी कारभारीच म्हटले आहे. कौतुक आहे ते त्याच्या चलाखीचे. आपले दिवस भरले, हे त्याने ओळखले आणि हातात होते त्या वेळात माणसे जोडली. उद्या कोणीतरी घरात घेईल, अशी तजवीज केली. प्रकाशाच्या मुलांना एवढीही दूरदृष्टी नसते, ही येशूची खंत आहे. खंत खरीच आहे. मुलाला आखातात पाठवायचे असेल तर आपण कागदपत्रांच्या मागे सहा महिने धावतो, एकही तारीख चुकवत नाही. लग्नाचा हॉल आणि बँड वर्षभर आधी ठरतो. विवाहपूर्व तयारी शिबिराची चौकशी मात्र लग्नाच्या चिठ्ठ्या फिरायला लागल्यावर होते!

दाखल्यानंतर येशू जे बोलतो ते सरळ आहे. जो थोडक्यात विश्वासू, तो पुष्कळातही विश्वासू. म्हणजे देवराज्याची परीक्षा पावशेर आणि अच्छेर यांच्यात होते. आणि दोन धन्यांची चाकरी होत नाही, हे शेवटचे. इथे मूळ शुभवर्तमानात 'मामोन' हा अरामी शब्द तसाच ठेवला आहे, जणू ते कोणाचे विशेषनामच आहे. पैसा नोकर असेतो ठीक, तो मालक झाला की नाव धारण करतो.

दुसऱ्या वाचनाबद्दल थोडेच. सर्व माणसांसाठी, राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा, असे तीमथ्याला सांगितले आहे. ज्या रोमन सत्तेने पुढे ख्रिस्ती लोकांचे रक्त सांडले तिच्यासाठीसुद्धा. मिस्सामधील विश्वासूंच्या प्रार्थना दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पुन्हा सुरू केल्या, तेव्हा याच वचनाचा आधार घेतला. पालिकेत बसलेल्या माणसांना आपण आठवडाभर शिव्या घालतो. रविवारी त्यांच्यासाठी 'हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक' म्हणताना तोंड हलते, मन हलते का, ते ज्याचे त्याने पाहावे.

वाचने आपल्या जगण्याशी जोडायची कशी, असे काही जण विचारतात. थोडी माहिती उपयोगी पडेल. १९६९ सालच्या आगमनकाळापासून रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र सुरू आहे. 'क' वर्षात संत लूक सोबतीला असतो. सामान्य काळात पहिले वाचन शुभवर्तमानाला धरून निवडलेले असते आणि दुसरे आपल्या क्रमाने स्वतंत्र चालते. म्हणून आमोस आणि लूक शेजारी ठेवून वाचावेत. मग खोटा तराजू आणि चलाख कारभारी एकमेकांशी बोलू लागतात. एकजण माणसे लुबाडून पैसा जोडतो, दुसरा पैसा सोडून माणसे जोडतो. 'मिस्सा' हा शब्दही पाठवणी सुचवणाऱ्या लॅटिन शब्दावरून आला आहे. शेवटचा आशीर्वाद होण्याआधीच स्कूटर काढायला जाणारे पाठवणी न होताच जातात, हा आपला नेहमीचा प्रश्न आहेच.

ज्यांच्या कपाटात असा एखादा जुना कागद आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट. घेतलेले परत करणे हा पश्चात्तापाचाच भाग आहे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. काही आठवड्यांनी, एकतिसाव्या रविवारी, जक्कयची कथा वाचली जाईल. त्याने चौपट परत करण्याची तयारी दाखवली. आपल्याला चौपट जमणार नाही, पण बहिणीच्या घरी जाऊन, चहा घेऊन, कागद तिच्यासमोर उलगडून ठेवणे जमण्यासारखे आहे. रक्कम किती, हे मग भावंडे मिळून ठरवतील. आई हयात असेल तर तिलाही बोलवा.

पुढच्या रविवारी आमोस पुन्हा येणार आहे (६:१, ४-७), हस्तिदंती पलंगांसह. शुभवर्तमान श्रीमंत मनुष्य आणि लाजरस यांचे आहे (लूक १६:१९-३१). शनिवारी रात्री जपमाळ झाल्यावर घरातील कोणीतरी, शक्यतो मुलांपैकी एकाने, ते मोठ्याने वाचावे. लाजरस दाराशी पडलेला होता, एवढे लक्षात ठेवून ऐकावे आणि आपल्या दाराशी सकाळी कोण कोण येऊन जाते त्यांची नावे आपल्याला माहीत आहेत का, ते जेवताना एकमेकांना विचारावे.